रशियन कवी आणि फुकटचा पिझ्झा

७ फेब्रुवारी २००५, ॲन आर्बर, अमेरिका

आजचं आजच लिहून टाकतो.

संध्याकाळी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत एका म्हाताऱ्या रशियन कवीचं काव्यवाचन होतं. आम्ही देसी पोरं गेलो ती नेहमीसारखी फुकटच्या पिझ्झासाठी. तो त्याच्या भाषेत जीव तोडून वाचत होता, आम्ही पिझ्झा चावत होतो. माझा रूममेट सचिन मोठ्याने म्हणाला, "यार, हा अजून किती वेळ ओरडणार?" आमची अख्खी रांग हसली. कवीने पाण्याचा ग्लास उचलून टेबलावर आपटला. काच तळव्यात घुसली. कागदांवर रक्त गळत होतं आणि तो वाचतच राहिला. लोक उठून गेले, जाताना पिझ्झा घेऊन. मी का बसून राहिलो? एक शब्द कळत नव्हता.

घरी आलो तर सचिन पिझ्झा गरम करत त्याची नक्कल करत होता. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला मारलं. ओठाचं रक्त पुसत तो म्हणाला, "तूपण खाल्लास ना?"

खाल्ला. काच फुटली तेव्हा माझ्या तोंडात घास होता, आणि मी तो नीट चावून गिळला.