सळ्या वरच्या बाजूला

मी, वय वर्षे बहात्तर, इमारतींची ड्रॉइंगे करून त्यांवर सही करणे हा चाळीस वर्षांचा व्यवसाय, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा या कागदाशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा प्रयत्न करायला आलेला मुलगा चहा पिऊन परत गेला.

१. राहते घर मुलगा व सून यांना, निम्मे निम्मे. त्यांना मधली भिंत काढून मोठा हॉल करायचा आहे. ती भिंत वरच्या मजल्याचे वजन खाली नेते. काढायचीच तर आधी बीम घालावा आणि त्याचा हिशोब एखाद्या तरुण अभियंत्याकडून करून घ्यावा. “आई उगाच घाबरवतात,” असे सून म्हणते. भिंत काढल्यावर घाबरून उपयोग नाही, म्हणून आधी लिहिले.

२. माझ्या ऑफिसची जागा मी माझ्या धाकट्या भावाला देत आहे. मुलाने ती विकायचे मनात धरले आहे. ते होणार नाही, आणि का होणार नाही हे त्याला इथेच कळावे.

भाऊ कंत्राटदार. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्या तीन मजली इमारतीत कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती दर सहा इंचांवर रिंगा मी दाखवल्या होत्या. त्या सळ्यांना आवळून धरतात. विरळ घातल्या तर मोठ्या धक्क्यात सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम फुटतो. एकदा साइटच्या शेडमागे मला रिंगांचे न सोडलेले गठ्ठे दिसले. एक कॉलम फोडून पाहिला. रिंगा फुटाफुटावर होत्या.

“ताई, आत कोण बघायला जातंय?” तो म्हणाला.

मी चौदाही कॉलम पाडायला लावले. कामगारांदेखत त्याची मान खाली गेली, हे मला दिसत होते. तरी पाडले, आणि आजही पाडले असते. त्यानंतर अकरा वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. वडील गेले तेव्हाही आम्ही खोलीच्या दोन टोकांना उभे होतो.

मग एका शाळेचे काम निघाले. दुसऱ्या मजल्यावर सहा फूट बाहेर आलेला सज्जा, मुलांना मधल्या सुट्टीत उभे राहण्यासाठी. ड्रॉइंग माझे, कंत्राट योगायोगाने त्याचे. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही.

“ताई, सज्ज्याच्या मुख्य सळ्या तू खालच्या बाजूला दाखवल्यास. वर हव्यात ना?”

बाहेर आलेला सज्जा वरून ताणला जातो, म्हणून सळ्या वर. हे त्याला मीच शिकवले होते. ड्रॉइंग उघडले. चूक माझी होती. त्या वर्षी नवरा आजारी होता, पण ते कारण मी तेव्हा पुढे केले नाही, इथेही करत नाही.

मी साइटवर पोचले तेव्हा त्याने सळ्या बांधणाऱ्यांना थांबवून ठेवले होते. सगळ्यांसमोर मी सांगितले की चूक माझी आहे. तो मला तेव्हा काहीही बोलू शकला असता.

“बाकीचं पण तपासून घे,” तो म्हणाला. “मी थांबतो.”

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी एकेक सळी मोजली. त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. मी त्याचे आभारही मानले नाहीत. ते इथे मानते. हे त्याला वाचून दाखवतील तेव्हा मी समोर नसेन, ते बरेच आहे.

अट एकच. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस उघडे ठेवावे आणि कोणीही गवंडी किंवा सळ्या बांधणारा ड्रॉइंग घेऊन “हे बरोबर आहे का?” असे विचारायला आला, तर त्याला खुर्ची द्यावी.

३. बँकेतील बचत त्याच शाळेच्या उत्तरेकडच्या जिन्यासाठी. त्याच्या खालच्या कॉलमच्या सळ्या गंजल्या आहेत. मी दोन पत्रे पाठवली, उत्तर नाही. दुरुस्ती होईपर्यंत जिना बंद ठेवावा, हे तिसरे पत्र समजावे.

४. माझ्या सहीची जुनी ड्रॉइंगे दुसऱ्या कोणत्याही जागी वापरू नयेत. जमीन बदलली की पाया बदलतो. ज्याला शंका असेल त्याने जिवंत माणसाला विचारावे.

सही

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, ज्यांनी मला आज सकाळी तपासले.
२. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. ते नुसती सही करून जायला निघाले होते. मी त्यांना बसवून चारही पाने वाचायला लावली.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३