सावकाशराव धावले

प्रिय चिऊ,

फोनवर सांगायला घेतलं की दर वेळी टोमॅटोच्या भावावर घसरते, म्हणून हे पत्र. तुला एक विचारायचं आहे, आणि तुझ्या होकाराशिवाय मी ते करणार नाही. पण आधी बाजारातली गंमत ऐक.

माझ्या शेजारी केळ्यांची गाडी लावणारे सावकाशराव आठवतात ना? ते डझनभर केळी मोजेपर्यंत कच्ची केळी पिकतील, असं तूच म्हणायचीस. परवा मी पालकावर शिंपडायला पाणी आणायला नळावर गेले आणि इकडे पालिकेची गाडी आल्याची बोंब उठली. जो तो आपली हातगाडी घेऊन पसार. मी धापा टाकत येते तर माझी गाडी गायब आणि सावकाशरावांची तिथेच! घाबरून भलतीच गाडी ढकलत नेली या माणसाने, म्हणून मनातल्या मनात चांगलं फैलावर घेतलं त्यांना. मग काय, त्यांची गाडी पळवली ती थेट शाळेमागच्या गल्लीत. दिवसभर केळी विकली, पण तोंडून सवयीने ‘पालक, कोथिंबीर’ हीच आरोळी! गिऱ्हाइकं हसून बेजार.

संध्याकाळी ते पुलाखाली सापडले. विक्रीच्या नावाने आनंदच होता, पण ओल्या गोणपाटाखाली माझी कोथिंबीर अगदी टवटवीत. मी फणकाऱ्याने विचारलं, स्वतःची गाडी ओळखता येत नाही का? तर म्हणाले, ओळखूनच नेली. तुम्ही नळावर होता. आणि खाली बघत बसले. चिऊ, तुझे बाबा गेल्यापासून माझ्यासाठी असं कुणी धावलं नव्हतं गं. मला हसू आलं आणि रडूही.

काल त्यांनी मला लग्नाचं विचारलं. माझ्या मनात हो आहे, तुझ्यापासून काय लपवायचं? बाबांचा फोटो आहे तिथेच राहील, हे त्यांनी आपणहून सांगितलं. तुला नाही पटलं तर तसं मोकळेपणी लिही, मी रुसणार नाही. फक्त लवकर लिही. पत्र अजून माझ्याच हातात आहे आणि सावकाशराव मात्र सकाळीच पोस्टमनला अडवून उत्तर आलं का विचारून आले. आयुष्यात दुसऱ्यांदा घाईत आहेत बिचारे.

तुझीच,
लाजलेली आई