काटा सत्तरवर

१२ एप्रिल, रविवार
शरणू मस्कतहून आला आणि आज परत गेला. आणलं ते: खजूर दोन डबे, बदाम एक किलो, यांना बनियन, आणि सिगारची लाकडी पेटी. पेटीची किंमत सांगत नव्हता. सिद्धेश्वराची शपथ घातली तेव्हा बोलला, अठरा हजार. एवढ्यात देव्हाऱ्याला चांदीचा पत्रा बसला असता. शिवाय हवेतली ओल मोजायचं घड्याळ, साडेचारशे.

पेटी चन्नवीरसाहेबांना द्यायची. चिंचोळी एमआयडीसीत त्यांचा कारखाना. सध्या अमेरिकेत लेकीकडे आहेत, मे महिन्यात येतील. सिगारचा लई शौक म्हणे. खूश झाले तर शरणूला सुपरवायझर घेतील. पोरगं घरी येईल.

जाताना सांगून गेला, अव्वा, घड्याळाचा काटा सत्तरच्या आसपास ठेव, सिगार वाळली की गेली. त्यात काय अवघड? वर्षाचे पापड-कुरडया मीच सांभाळते की. मात्र तंबाखूला हात लावणार नाही. चिमटा वेगळा काढला.

१४ एप्रिल, मंगळवार
काटा बावीस. घड्याळ खराब.
हे म्हणाले, सोलापूरचा उन्हाळा आहे, घड्याळ काय करणार? यांना सगळ्यांची बाजू घेता येते, माझी सोडून.

१७ एप्रिल, शुक्रवार
पेटीला ओली चादर गुंडाळली. काटा एकेचाळीस. चादरीचा लाल रंग पेटीला लागला. शुभ दिसतो.

२० एप्रिल, सोमवार. उपवास.
पेटी उघडून कूलरपुढे ठेवली. रात्री काटा अठ्ठ्याऐंशी! मागितले सत्तर, दिले अठ्ठ्याऐंशी. जास्त मार्क पडले म्हणून कुणी नापास करत नाही. मॅट्रिकला मला गणितात चाळीस होते, कुणाला वाटेल का?

२४ एप्रिल, शुक्रवार
सिगारवर पांढरी बुरशी. जन्मभर डब्या-बरण्यांतली ओल घालवली, आता ओल राखायची म्हणजे हातच ऐकत नाहीत.
शेजारची काशम्मा डोकावली. म्हणाली, बाई गं, तंबाखूचं बाळंतपण करतीस व्हय? तिला चहा विचारला नाही. तेवढीच साखर वाचली.

२५ एप्रिल, शनिवार
सरळ गच्चीवर, सांडग्यांशेजारी उन्हात. एका दुपारीत बुरशी गायब. मला आधीच सुचायला हवं होतं. काटा अठरा. एक सिगार चिमट्यातच भुगा झाली, ती मुळातच कच्ची असणार. बाकीच्यांना चमच्यानं शेंगतेल चोळलं. काय चकाकल्या! पेटीला कोंदट वास येतो म्हणून चटणीच्या रिकाम्या बरणीत भरल्या. झाकण घट्ट. घड्याळ आत मावत नाही. बरं झालं, आता कटकट नाही.

१६ मे, शनिवार
साहेब आले. सिगार पुसून पुन्हा पेटीत लावल्या. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. साहेबांनी एक उचलून नाकाशी धरली आणि डोळे मिटले. मी मनात शंभोला नारळ बोलले.
साहेब म्हणाले, काकू, ही लसूण घातलेली शेंगाचटणी घरची का?
सिगार त्यांनी सोडली. अमेरिकेत स्टेंट बसला. चटणी मात्र अर्धा किलो पाठवा म्हणाले. नोकरीचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. देणाऱ्यानं लगेच मागू नये.

१७ मे, रविवार
शरणूचा फोन आला. अव्वा, साहेबांचं राहू दे म्हणाला. त्यानं तिकडं आणखी दोन वर्षांची सही केली, असं काहीतरी. लाइनीत फार खरखर होती. हे म्हणतात, आवाज स्वच्छ होता, मला खुर्चीत बसून ऐकू आला. यांचे कान कधीपासून एवढे सुधारले?

दुपारी पत्र लिहून टाकलं. चि. शरणबसवास अनेक आशीर्वाद. वस्तू साहेबांना पोचली. वास फार आवडला. घड्याळ खराब होतं, आलास की तेवढं दुकानदाराला परत कर. तुझ्या वाटणीचे सांडगे बाजूला ठेवले आहेत, ते चांगले कडक आहेत. तू कोणत्या महिन्यात येतोस ते उलट टपाली कळव. फोन करू नकोस, फोनवर मला नीट ऐकू येत नाही.