सहावी प्रदक्षिणा

किलकेनी, शनिवार संध्याकाळ

आज चुकलंच माझं.

इथलं आठशे वर्षांपूर्वीचं चर्च काय देखणं आहे. आई अर्धा तास रंगीत काचांकडे बघत उभी होती. बाहेर आल्यावर मात्र सवयीने प्रदक्षिणा घालायला लागली, उजवा हात मधूनमधून दगडाला लावत. आमची किल्ल्याची तिकिटं तीनची. "अगं आई, हे देऊळ नाहीये, लोक बघतायत." काय सुरात बोललो मी.

"पाच घालते आणि येते," म्हणाली.

दुसऱ्या फेरीला बाकावरच्या एक आयरिश आजी उठल्या. वाटलं, आता हटकणार. पण त्याही उजवा हात दगडाला लावत तिच्याबरोबर चालू लागल्या. नंतर मला म्हणाल्या, आमच्या गावच्या पवित्र विहिरीभोवती आम्ही असेच फिरतो, विहीर उजव्या हाताला ठेवून. सहा वर्षं या देशात, ल्यूकनला राहतोय, मला हे ठाऊकच नव्हतं. लेक अन्वीसुद्धा "डॅड, इट्स ग्रँड", म्हणजे इथल्या भाषेत चालतंय की, असं म्हणत त्यांच्यामागे पळाली. मी तिकिटं धरून उभा.

आणि पाच म्हणून सहा घातल्या आईने. तीन वाजून गेले, किल्ला राहिला.

आत्ता जेवताना विचारलं, सहावी कशाला?

"ती बाई दुसरीला आली ना," आई म्हणाली. "तिची एक कमी पडत होती."