तुळसाचं मशीन

लालबाग, १० मार्च १९८३

तीर्थरूप आईस, तुझ्या सुलभेचा नमस्कार.

गिरण्यांचा संप अजून मिटला नाही, पण आमची काळजी करू नकोस. नायगावला गोधड्या शिवायचं शिबिर लागलंय. स्वतःचं मशीन आणेल तिलाच काम. विकत घ्यायला चाळीतल्या रमाबाईंचं हातमशीन पाहिलं, पण गोधडीच्या चार थरांत सुई अडकली. आपल्या गावची तुळसा शेजारीच राहते, तिचं पायमशीन मात्र सरसर चाललं. घरात धड जेवण नाही, म्हणून ती विकत होती. मी पैसे मोजले.

"मुलीचा झगा अर्धा राहिलाय, उद्या ने," ती म्हणाली. मी दोरा तोडून झगा तिच्या हातात दिला. मशीनबरोबर रिळांचा डबाही उचलला.

काल ती शिबिराच्या दारात आली. हाताने टाके घालीन म्हणाली. बिनमशीनच्या त्या कामाला एकच बाई हवी होती आणि मी जाऊबाईंचं नाव दिलं होतं.

"तुमच्या ओळखीची आहे का?" शिबिराच्या बाईंनी मला विचारलं.

मी नाही म्हटलं. तुळसा आल्या वाटेने परत गेली.

तुझा गुडघा कसा आहे? जुनी लुगडी पाठव, आतल्या थराला लागतील. तुळसाची आई वाटेत भेटली तर सांग, पोरगी सुखात आहे.

तुझी,
सुलभा