नाग कूस कुठल्या भागात बदलतो

मी, खाली सही करणारा, धंद्याने न्हावी, वयाने सत्तरीच्या पुढचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी आज वार कोणता असे विचारले. मी वार सांगितला आणि वर त्यांना आमच्या लेखिकेची दुसरी कादंबरी वाचायला सांगितली. त्यावरून माझे डोके ठिकाणावर असल्याची त्यांची खात्री पटली.

कलम १. राहते घर मुलाला व सुनेला समसमान द्यावे. मागच्या खोलीतल्या कपाटाला मुलगा अडगळ म्हणतो. घर त्याचे, कपाट त्याचे नाही.

कलम २. दुकान, फिरती खुर्ची, मोठा आरसा, वस्तरे व कात्र्या माझ्या कारागिराला द्याव्यात. अट एकच, बाकावर आमच्या लेखिकेची कॉमिक्स राहतील, नटनट्यांची मासिके येणार नाहीत. त्याने माझी पद्धतही चालू ठेवावी. गालावर फेस आणि गळ्याशी वस्तरा असताना पुस्तक सुचवले की गिऱ्हाईक वाद घालत नाही. अशी मी निम्मी गल्ली वाचती केली. पोस्टमास्तर तेवढे दाढी वाढवून सुटले.

कलम ३. आता माझी खरी इस्टेट, म्हणजे सदर कपाट. त्यात सात कादंबऱ्या व अकरा कॉमिक्स आहेत, सगळी एकाच बाईंनी लिहिलेली. बाईंनी जुन्या पुराणकथांतले देव घेतले आणि त्यांना कामाला लावले. पृथ्वी डोक्यावर धरून मान अवघडलेला नाग आहे, त्याला जन्मात एकदा कूस बदलायची आहे. पाताळाच्या फाटकावर एक दारवानबाई आहे, ती मेलेल्यांना आत घेताना पाय पुसायला लावते. मेघांचा देव आहे, त्याचा आवाज बसला आहे आणि तो खुणांनी पाऊस पाडतो. वाचताना हसू येते आणि मग कुठेतरी पान उलटायचे राहून जाते. ज्याला हा वारसा मिळेल त्याने दुसरीपासून सुरुवात करावी, कारण पहिलीत नुसती देवांची वंशावळ आहे आणि तिने चांगले चांगले वाचक गारद केले आहेत. मोठी पुस्तके झेपत नसतील त्याने कॉमिक्स घ्यावीत. तिसरी मात्र कोणी चुकवू नये, तिच्यात नाग कूस बदलतो.

हे कपाट कोणाला द्यायचे, याचाच मला घोर आहे. योग्य माणूस नाही मिळाला तर माझ्या पाठोपाठ ते रद्दीत जाणार, हे मला दिसते आहे. मुलगा हिशेबनीस आहे, त्याने पहिली कादंबरी उघडून पाने किती ते पाहिले आणि मिटली. सून गुणाची आहे, पण ती शेवटचे पान आधी वाचते, तेव्हा तिला कपाट देणे म्हणजे मांजराला दूध राखायला देणे. मेव्हण्याने मेघदेवाच्या कॉमिकवर चहाचा कप ठेवला. देवाच्या चेहऱ्याभोवती कपाच्या बुडाचे वर्तुळ उमटले आहे आणि पुढच्या पिढ्या त्याला तेजोवलय समजतील. मेव्हण्याला माझी छत्री द्यावी, तीही फाटकी.

कलम ४. माझ्या दुकानाशेजारच्या चष्मेवाल्यास काहीही देऊ नये. आम्ही दोघे बरोबरीने ही पुस्तके वाचत होतो, मी एक घ्यायचो, तो दुसरे, मग अदलाबदल. पाचवी कादंबरी माझ्या हातात असताना, गिऱ्हाईक खुर्चीत असताना, तो दारातून डोकावून म्हणाला, "काय मग, दारवानबाई नागाचीच बहीण निघाली की." माझे शेवटचे प्रकरण बाकी होते. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. चष्मासुद्धा दोन रस्ते पलीकडून केला. तो नाकावरून घसरतो आणि त्यातून छापील अक्षर मुंग्यांसारखे दिसते, त्यामुळे गेल्या वर्षी आलेली सातवी कादंबरी अजून कोरी पडून आहे. पण मी माघार घेतलेली नाही.

वकीलबाई सांगतात की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळू शकत नाही. म्हणून चष्मेवाल्यास मी मुद्दाम पहिला साक्षीदार नेमत आहे. सही करावी आणि हात हलवत जावे.

येथवर लिहून झाल्यावर वकीलबाईंनी सगळे मोठ्याने वाचले. मुलाने, सुनेने, मेव्हण्याने ऐकले. चष्मेवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यालाही ते वाचायला दिले. कलम ४ तो शांतपणे वाचून गेला. मग पान मागे उलटून त्याने बोट ठेवले.

"कूस तिसरीत नाही बदलत, चौथीत," तो म्हणाला. "तिसरीत नुसती जांभई देतो. त्यानेच तर भूकंप होतो."

बरोबर होते. साऱ्या घरात ही चूक एकालाच कळली. मी इतक्या वर्षांत त्याच्याशी पहिले वाक्य बोललो, ते म्हणजे, सातवीचा शेवट सांगून टाक आता, तेवढेच राहिले आहे.

त्याने सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावले. मग म्हणाला, "वर्ष झालं, कोणालाच सांगितला नाही. तुझं वाचून व्हायचं होतं."

मी कागद परत मागून घेतला. डोळे भरून आले, आणि ते चष्म्यामुळे नव्हते.

कलम ५. सबब कलम ४ रद्द. कपाट, सात कादंबऱ्या व अकरा कॉमिक्स, तेजोवलयासह, चष्मेवाल्यास द्यावीत. त्याचे नाव साक्षीदारांतून खोडले आहे. कलम ३ मधील नागाची चूक तशीच राहू दिली आहे, कारण तिच्यामुळेच वारस सापडला.

अट अशी, की त्याने रोज संध्याकाळी दुकान बंद करून यावे आणि सातवी मला मोठ्याने वाचून दाखवावी. वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्रातली अट मृत्यूनंतर लागू होते. ही आजपासून लागू आहे. पान उलटण्याआधी त्याने पुढचे एक अक्षर जरी सांगितले, तरी संपूर्ण कपाट मेव्हण्याला जाईल, चहाच्या कपासह.

सही : केली आहे. ओळीच्या खाली गेली, नवा चष्मा व्हायचा आहे. माप आत्ताच घेतले.

साक्षीदार :
१. चष्मेवाला (खोडले, वारस)
१. समोरचा शिंपी (दुसरी कादंबरी दिली आहे, पण ती उसनी, वारसा नव्हे)
२. वकीलबाईंचे कारकून (दाढी आहे, काही सुचवता आले नाही)

ठिकाण : मागची खोली, कपाटासमोर.
दिनांक : शिक्क्यावर आहे तोच. मंडळींनी आता निघावे, पहिले प्रकरण सुरू व्हायचे आहे.