फोनवरची पहाट

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तुझ्याशी बोलावंसं अनेकदा वाटलं, पण आज जे सांगायचंय ते तू समोर असतीस तर मी सांगितलंच नसतं.

तुझी नात आता लातूरला असते, डॉक्टरकीसाठीच्या नीट परीक्षेच्या क्लासला. तिला तू पाहिलं नाहीस. भाड्याच्या खोलीत एकटी राहते, मेसचा डबा खाते. तिला सोडून नांदेडला परतले तेव्हाच मी ठरवलं, रोज पहाटे फोन करून हिला उठवायचं आणि आपणही उठायचं. शुगर निघाल्यापासून डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, आणि गोदावरीचा घाट घरापासून लांब नाही. सुरुवातीला मी खरंच गेले. मग थंडी पडली. एका पहाटे 'ऊठ बाळा, मी तर निघाले बघ घाटाकडं' असं फोनवर म्हणाले, फोन उशाशी ठेवला आणि पांघरूण डोक्यावरून ओढलं. दुसऱ्या दिवशी तेच, मग रोजच तेच. वर संध्याकाळी तिला सांगायची, आज घाटावर किती धुकं होतं, गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन कसं ऐकू येत होतं. ती म्हणायची, हो मम्मी. रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याची ओळ आली, की माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा.

अशा वेळी मुखेडचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं यायचं. मी दहावीला. तू शाळेत शिकवतेस आणि बाहेरून बी.ए. करतेस, इंग्रजीत दोनदा नापास झाली आहेस. पहाटे मला हलवून उठवतेस, रांजणातल्या गार पाण्यानं आधी स्वतः तोंड धुतेस, आणि चुलीजवळ पोतं अंथरून आपण दोघी वाचत बसतो. तू ओठातल्या ओठात शब्द घोकतेस, मध्येच डुलकी येते, दचकतेस, परत सुरू करतेस. एकदा मला तुझी दया आली, का राग, कोण जाणे. म्हणाले, तू झोप ना, मी बसते. तू पुस्तकातून मान वर केली नाहीस.

"मी झोपले की तू बी झोपशील," म्हणालीस. "अन् तू झोपलीस की मी तर झोपनारच. एकटीला जमत न्हाई मला हे."

मला वाटलं, आई मला लाजवतेय. तू फक्त खरं ते सांगत होतीस, हे कळायला मला तुझ्या वयाचं व्हावं लागलं.

गेल्या महिन्यात पोरीला ताप आला, म्हणून रजा टाकून लातूरला गेले. ताप उतरला तरी राहिले. खोलीत पलंग एकच, मी वर झोपायची आणि ती खाली. एका पहाटे जाग आली तर तिच्या अंथरुणाची घडी घातलेली, तिची चादर माझ्या अंगावर, दार नुसतं लोटलेलं. बाहेर जिन्याच्या पायरीवर, गल्लीतल्या दिव्याच्या उजेडात, ती स्वेटर घालून फिजिक्सची गणितं सोडवत बसली होती. आत बस की, म्हणाले. तर म्हणाली, दिवा लावला असता तर तुझी झोप मोडली असती.

मी तिच्याशेजारी टेकले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, की इथं आल्यापासून माझं चालणं बंदच पडलंय. तिनं पेन थांबवलं.

"मम्मी, मला माहीत आहे," ती म्हणाली. "फोनवर तुझा आवाज झोपेतलाच असतो. घाटावरून कधी एखादं कुत्रंसुद्धा ऐकू आलं नाही."

रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मग तू कशाला उठत होतीस, मी विचारलं. तिनं वहीचं पान उलटलं.

"दोघींतलं एकीचं तरी खरं असावं म्हणून."

आई, मी आत गेले आणि तिच्या छोट्या शेगडीवर चहा ठेवला. दूध उतू जाईपर्यंत मला ते दिसलंच नाही. कप घेऊन बाहेर आले, तर तिनं सरकून मला जागा करून दिली. उजाडेपर्यंत मी तिथं नुसती बसून राहिले. तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

आता फोन करते, पण मला स्वतःला उठता आलं नाही तर तसंच सांगते. कधी तीच मला उठवते. घाटावर कधी जाते, कधी नाही.

हे सगळं पहाटे उठून लिहितेय, असं तुला सुरुवातीलाच लिहिणार होते. खरं तर दुपार आहे. मी ऑफिसात टेबलाशी बसलेय, आणि बाहेर बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ माझ्या सहीसाठी केव्हाचे ताटकळलेत. मगाशी शिपाई विचारायला आला, तर मी त्याला म्हणाले, मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांग. आता हा कागद मिटून ड्रॉवरमध्ये टाकते आणि त्यांना आत बोलावते. मीटिंग नव्हती हे त्यांना सांगायला जमेल, असं मात्र लिहवत नाही.